बॅटरी बसली

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीराव म्हणत, आणि ते काही कौतुकाने म्हणत नसत. पस्तीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली. शाळेची पुस्तकं, गाड्यांची वेळापत्रकं, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली पत्रकं, जे येईल ते. एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झाली म्हणून सोळा पानांचा अख्खा फर्मा मशीनवरून उतरवायला लावणारा हा माणूस. मशीनवाले हात जोडायचे, मालक कपाळाला हात लावायचा, आणि हे आपले लाल पेन कानाला अडकवून उभे. "चूक ती चूक," एवढंच म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी छापखान्याने त्यांना मानपत्र दिलं. त्यात दोन चुका निघाल्या, त्या त्यांनी व्यासपीठावरच दुरुस्त केल्या आणि मग आभार मानले.

असा माणूस एका शब्दापायी साडेतीन महिने स्वतःच्या बायकोला मुकं करून बसला. बरं, शब्दही काही जड नव्हता. कुणाच्याही तोंडात असतो तसला साधा शब्द.

बायको म्हणजे खिडकीबाई. मोठ्या इस्पितळात नावनोंदणीच्या खिडकीवर तिने अठ्ठावीस वर्षं काढली. काचेला बोलायसाठी गोल भोक पाडलेलं होतं, पण तिला त्याची गरज कधी पडली नाही. "पुढचा! कागद हातात, मोबाइल खिशात!" असं ती म्हणाली की रांगेतले तर सरळ होतच, शेजारच्या एक्स-रे विभागातलेही सरळ होत. घरीही आवाज तोच. वेलांटीराव बाहेर लोकांना तपासायचे आणि घरी आल्यावर स्वतः तपासून घ्यायचे.

तीन वर्षांपूर्वी तिची जीभ जड व्हायला लागली. डॉक्टर ओळखीचे, तिच्याच खिडकीसमोरून रोज जाणारे. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. नसांचा आजार आहे, म्हणाले, आधी बोलणं जाईल, मग हात, मग बाकीचं. वेलांटीरावांना खुर्ची शोधावी लागली. बाईंनी विचारलं, "बोलणं किती दिवस पुरेल?" डॉक्टर म्हणाले, सहा-आठ महिने. "मग आज घरी जाऊ दे मला, कामं आहेत," म्हणाली आणि उठली.

काम असं होतं की लेकीने दूरच्या गावाहून एक लॅपटॉप पाठवला. त्यात आपल्या आवाजात वाक्यं बोलून साठवायची सोय होती. पुढे तोंड बंद झालं की नुसती दोन अक्षरं दाबायची, हवं ते वाक्य निवडायचं, आणि लॅपटॉप ते तुमच्याच आवाजात बोलणार. वेलांटीरावांनी लगेच वाक्यांची यादी केली. स्वच्छ अक्षरात, विरामचिन्हांसकट: मला पाणी हवे आहे. कृपया पंखा बंद करावा. मला बरे वाटत नाही. बाईंनी दोन पानं वाचली आणि यादी टराटरा फाडली.

"ही मी आहे का? ही तर भिंतीवरची नोटीस आहे!"

मग तिने आपल्या मनाची वाक्यं भरली. "अहो, कान उघडा." "पंखा. पंखा. पं-खा!" "झालं का तुमचं शहाणपण?" "मला नका सांगू, मी सगळं बघितलंय." आणि खिडकीवरचं ते "पुढचा!" सुद्धा, चार वेगवेगळ्या चालींत. जीभ अडखळायला लागली तरी भरत राहिली. दोन हजारांच्या वर वाक्यं झाली. त्यांत व्याकरणाच्या चुका किती होत्या ते वेलांटीरावांना पाठ होतं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. यादीत नसलेलं काही बोलायचं झालं तर ते अक्षर अक्षर टाइप करावं लागे, आणि मग लॅपटॉपमधला तयार, सपाट आवाज ते वाचून दाखवी. त्या आवाजाला बाईंनी नाव ठेवलं होतं, सरकारी बाई.

बोलणं गेलं ते गेलं, पण भांडण काही थांबलं नाही. रोज संध्याकाळी ती लॅपटॉप पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या बागेत जायची. तिथे इस्पितळातल्या चार निवृत्त बायका यायच्या. चार तोंडं आणि एक लॅपटॉप असा अड्डा जमायचा. आजाराच्या पहिल्या वर्षात वेलांटीराव घरी बसून रडले असतील, पण बाई बागेत बसून त्यांच्या नकला करत होती.

आणि मग बॅटरी उतरायला लागली. आधी पाच तास चालायची, ती तीन तासांवर आली, मग एकावर. दोन वर्षं भरली तेव्हा अकरा मिनिटांवर आली. वेलांटीरावांनी घड्याळ लावून मोजलं होतं, कारण न मोजता बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एका संध्याकाळी बाई बागेत जुन्या मुख्य डॉक्टरांची फजिती सांगत होती आणि ऐन रंगात पडदा काळा झाला. बायका थांबल्या. हसरे चेहरे करून, लहान मुलाचं बोबडं वाक्य पुरं व्हायची वाट बघावी तशा. मग त्यांतल्या एकीने हळूच तिचा हात थोपटला.

ते थोपटणं तिला लागलं. घरी येऊन तिने भिंतीत वायर खुपसली आणि टाइप केलं. सरकारी बाई म्हणाली, "आता बागेत नाही. मुकी होऊन नाही बसायचं मला."

तेव्हापासून तिचं बोलणं वायरीएवढं झालं, म्हणजे दोन मीटर. स्वयंपाकघरात मुकी, गॅलरीत मुकी, जिन्यात मुकी. ओट्यापाशी राग आला की भांडं आपटायची. बाहेरून वेलांटीराव विचारायचे, "काय म्हणतेस?" मग तिने हळूहळू पाय ओढत खोलीतल्या प्लगपर्यंत यायचं आणि म्हणायचं, "काही नाही." त्यांनी लांब वायरीचा बोर्ड आणला, तर त्यात पाय अडकून ती पडली आणि गुडघा सुजला. फोनवरची अक्षरं तिच्या बोटांना बारीक पडत. खिशात न्यायचे ते चार्जर या लॅपटॉपला चालत नव्हते. बाजारातली बॅटरी बसवावी तर बॅटरी आत चिकटवलेली, कंपनीशिवाय कुणाकडे मिळत नाही, आणि झाकण उघडलं की हमी गेली. राहता राहिली कंपनी.

कंपनीचा तक्रारीचा फॉर्म कॉम्प्युटरवर होता आणि वर लिहिलं होतं, आपल्या भाषेत लिहा. वेलांटीरावांना बरं वाटलं. अदब असलेले लोक दिसतात, म्हणाले. आणि लिहिलं: "लॅपटॉप घेऊन दोन वर्षे झाली. बॅटरी पार बसली आहे."

यात काय चुकलं ते आजही कुणी दाखवून द्यावं. पण कंपनीची कचेरी होती कुठल्याशा लांबच्या देशात, आणि तिथे तक्रारींचं भाषांतर यंत्र करत होतं. यंत्राने "बसली" बघितलं. कोण बसलं ते शोधलं. कुणी सापडेना, तेव्हा त्याने ग्राहकालाच बसवलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं: "आपण बॅटरीवर बसल्याबद्दल आम्हांला खेद आहे. वापरकर्त्याच्या वजनाने झालेली इजा हमीत समाविष्ट नाही."

वेलांटीरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तिथल्या तिथे खुलासा पाठवला: "बॅटरीवर कोणीही बसलेले नाही. बॅटरी स्वतःच बसली आहे."

उत्तर आलं: "बॅटरी व्यवस्थित बसल्याचे वाचून आनंद झाला. आपली तक्रार बंद करण्यात आली आहे."

कुठलाही शहाणा माणूस इथे शब्द बदलून मोकळा झाला असता. बाईंनी तर भिंतीपाशी बसून सांगितलंच, "टक्के लिहा. चार टक्के. आकड्याला वेलांटी नसते." आकडा खरा होता. लॅपटॉप स्वतःच अहवाल काढून देत होता की नवी असताना बॅटरीत मावायचं त्याच्या चार टक्केच आता मावतं.

"बसली हा शब्द बरोबर आहे," वेलांटीराव म्हणाले. "घड्याळाची बॅटरी बसते, विजेरीची बसते. लहान पोराला विचार. मी का बदलू? त्यांनी यंत्र बदलावं."

बाईंनी टाइप केलं, त्याला वेळ लागला. सरकारी बाई नेहमीच्या सपाट सुरात म्हणाली, "शब्द बरोबर आहे. मी मुकी आहे."

एवढं ऐकून तरी माणसाने शहाणं व्हावं! ते खजील झाले, नाही असं नाही, दोन रात्री नीट झोपलेही नाहीत. पण शहाणे झाले म्हणजे कसे, तर टक्के न लिहिता त्यांनी दुसरा जिवंत शब्दप्रयोग निवडला. यंत्राला आपण मराठी शिकवू, असा काहीसा हट्ट डोक्यात शिरला होता. त्यांनी लिहिलं, "बॅटरीने मान टाकली आहे." कंपनीने कळवलं की मान, म्हणजेच झाकणाची बिजागरी, तुटल्यास ती ग्राहकाची जबाबदारी. मग वैतागून त्यांनी लिहिलं, "अहो, बॅटरीचा जीव गेला!"

याचं उत्तर मात्र दुसऱ्याच दिवशी आलं. ते मोठ्याने वाचायची त्यांना सवय, त्यामुळे पुढे काय आहे हे कळायच्या आत वाचून गेले: "आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. मृत व्यक्ती वापरकर्ता असल्यास, हमी वारसाच्या नावे करण्यासाठी दाखला जोडावा."

वेलांटीरावांना ते उत्तर कुठे लपवावं कळेना. बाईंचे खांदे हलायला लागले. त्यांना वाटलं रडतेय, म्हणून धावले, तर ती हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग बोट पुढे करून तिने सावकाश टाइप केलं.

"जरा थांबा म्हणावं त्यांना."

त्या दिवशी वेलांटीराव गॅलरीत जाऊन बराच वेळ उभे राहिले. आल्यावर त्यांनी निमूटपणे आकडा लिहून पाठवला. पण आता उशीर झाला होता. उत्तर आलं की या यंत्राच्या नावावर आधीच "बसल्याने इजा" अशी नोंद आहे, ती पुसता येत नाही, अधिक माहितीसाठी जवळच्या दुरुस्ती केंद्रात जावे. केंद्रात ते दोनदा एकटे जाऊन आले. पहिल्यांदा संगणक बंद होता. दुसऱ्यांदा लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला, तपासला, आणि "बॅटरी बसलेली आहे" असा शेरा मारून परत दिला. ते दोन दिवस बाई संपूर्ण मुकी होती. ती नुसती बघायची. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "मी येते."

दुरुस्ती केंद्र म्हणजे एक लांबट खोली. दाराशी टोकनाचं यंत्र, भिंतीला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग, समोर काच नसलेलं काउंटर. खुर्च्यांजवळ एकच प्लग होता आणि त्यात पाण्याचं यंत्र लावलेलं. बाईंनी कुणाला न विचारता पाण्याचा प्लग उपटला आणि आपला लावला. काउंटरवर दोरीचा चष्मा घातलेले एक गृहस्थ बसले होते. ते बघून न बघितल्यासारखं करून राहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीने त्यांना कुठे डोळेझाक करावी हे शिकवलं असावं.

दुरुस्ती करणारी बाई आतून आली. पस्तिशीची, हातमोजे घातलेली, घाईत असलेली. तिने लॅपटॉप आत नेला. टेबलावर कोरा कागद पसरून त्यावर लॅपटॉपचा आकार काढला, आणि काढलेला एकेक स्क्रू त्या त्या जागी ठेवला. वेलांटीराव दारातून बघत होते. त्यांना ती पद्धत फार आवडली. पाच मिनिटांत ती झाकण लावून लॅपटॉप घेऊन बाहेर आली आणि तो बाईंपुढे प्लगला लावला.

"फुगलेली नाहीये, नशीब समजा. पण संपलीये. काका, हा कायम प्लगला लावून ठेवता का?"

"कायम," वेलांटीराव अभिमानाने म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. घरी असलो की वायर काढायची नाही, असा माझा नियमच आहे. उगाच बॅटरी खर्च होऊ नये म्हणून."

"म्हणूनच गेली. चोवीस तास शंभर टक्क्यांवर, वर गादीवर ठेवत असणार, म्हणजे खालून तापलेला. बॅटरी वापरून झिजते तशी नुसती भरून ठेवून पण झिजते. तुम्ही जपून जपून मारलीत तिला."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. अकरा मिनिटं, सुजलेला गुडघा, बंद झालेली बाग, सगळं त्या बघण्यात होतं. वेलांटीरावांनी चष्मा काढून पुसला, तो स्वच्छच होता.

इकडे काउंटरवरच्या गृहस्थांनी संगणकात काहीतरी शोधलं आणि भुवया वर केल्या. "हे बघा, गंमत आहे. बॅटरीच्या झिजेची हमी एकच वर्ष असते. तुमची दोन झाली. म्हणजे तुम्ही पहिल्यापासून बरोबर लिहिलं असतं ना, तरी आम्ही नाहीच म्हटलं असतं. पण घेताना तुमच्या मुलीने अपघाताची जादा हमी घेतलेली दिसतेय. ती तीन वर्षं आहे. आणि अपघात तर नोंदलेलाच आहे, बसल्याचा! या फॉर्मवर सही करा, नवी बॅटरी फुकट."

त्यांनी छापील निवेदन पुढे सरकवलं. वेलांटीरावांनी वाचलं. "ग्राहक लॅपटॉपवर बसला. त्यामुळे बॅटरीस इजा झाली."

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

"हो, पण तुमच्या फायद्याचं आहे."

"कुणीही बसलेलं नाही. बॅटरी बसली. बसणे या क्रियापदाचे अर्थ मी तुम्हाला..."

तेवढ्यात दुरुस्तीवाली मध्ये पडली. "तुमचं चालू द्या. काकू, तुमच्याशी बोलायचंय. बॅटरीचं काम झालं तर लॅपटॉप कंपनीच्या कारखान्यात जातो आणि तिथे आतलं सगळं पुसतात. हा नियमच आहे. यात जपण्यासारखं काही आहे?"

बाईंनी काही टाइप केलं नाही. तिने नुसतं एक वाक्य दाबलं. "मला नका सांगू, मी सगळं बघितलंय." खोलीभर तिचा जुना आवाज घुमला आणि दुरुस्तीवालीच्या हातातला पेचकस थांबला. तिने एकदा लॅपटॉपकडे बघितलं, एकदा बाईंकडे. मग खुर्ची ओढून शेजारी बसली आणि घाई विसरून नीट समजावून सांगायला लागली. साठवणीची जी पट्टी आत आहे ती लहान आहे, भरत आलीये, म्हणून आवाज निवडताना अडखळतो. या मॉडेलला मेमरी वाढवता येत नाही, ती बोर्डालाच जोडलेली असते, पण ही पट्टी एका स्क्रूवर निघते. तेवढीच जागा असलेली घेता येईल, पण त्यात अर्थ नाही. चौपट जागेची घ्या. मी जुनीवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवते. इथेच बदललं तर हमीला धक्का लागत नाही. जुनी पट्टी पाकिटात घालून तुमच्या हातात देते, आणि लॅपटॉप कारखान्यात पाठवतच नाही. नुसती बॅटरीच तिकडून मागवते आणि इथे बसवून देते.

"किती वेळ?" सरकारी बाईने विचारलं.

"पाऊण तास. तेवढा वेळ तुम्हाला..." ती अडली. "बोलता येणार नाही."

बाईंनी मान हलवून होकार दिला आणि आपला आवाज तिच्या हाती दिला.

तो पाऊण तास फार वाईट गेला. बाई रिकामे हात मांडीवर ठेवून बसली होती आणि समोर तिचा नवरा काउंटरला टेकून क्रियापदं सोडवत होता. दही बसतं, धूळ बसते, घसा बसतो, घर बसतं, म्हणजे कुणी त्यावर बसतं का? गृहस्थ म्हणत होते, काका, मला पटलंय, सही करा. वेलांटीराव म्हणत होते, पटलंय तर फॉर्म बदला. गृहस्थ म्हणत होते, फॉर्म माझ्या हातात नाही. वेलांटीराव म्हणत होते, सही माझ्या हातात आहे, पस्तीस वर्षांत मी डोळ्यांदेखत चूक पास केलेली नाही. मागे टोकन घेऊन उभ्या असलेल्या चौघांनी सुस्कारे सोडले. बाईंना ओरडावंसं वाटत होतं. तिने दोनदा तोंड उघडलंही. जो आवाज आला तो तिचा तिलाच आवडला नाही, म्हणून तिने तोंड मिटलं.

दुरुस्तीवाली लॅपटॉप घेऊन आली. जुनीच बॅटरी, आत नवी पट्टी. प्लग लावला, चार वाक्यं दाबून पाहिली. "अहो, कान उघडा," लॅपटॉप म्हणाला, अडखळण्याचं नाव नाही. जुनी पट्टी पाकिटात घालून तिने बाईंच्या पिशवीत ठेवली. वेलांटीराव तिकडे म्हणत होते, "प्रश्न बॅटरीचा नाहीये, प्रश्न खरेपणाचा आहे!"

बाईंनी लॅपटॉप बंद केला. वायर उपटली. झाकण मिटलं. तो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नीट मधोमध ठेवला, पदर सावरला, आणि त्यावर बसली.

आजाराने वाळून ती जेमतेम चाळीस किलोची राहिली होती. तरी खालून कोपऱ्यात कट्ट असा आवाज आला. दुरुस्तीवालीने "काकू!" म्हणून किंकाळी फोडली. काउंटरवरच्या गृहस्थांचा चष्मा दोरीवर लोंबला. वेलांटीरावांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. बाई मात्र खिडकीवर बसायची तशी ताठ बसून सगळ्यांकडे बघत होती. पुरेसं बसून झालं असं वाटल्यावर तिने नवऱ्यापुढे हात केला. त्यांनी धावत येऊन तिला उठवलं.

तळाचं झाकण एका कोपऱ्याला दबलं होतं. पडदा धड होता. प्लग लावला, ती टाइप करायला लागली, आणि सगळी खोली श्वास रोखून सरकारी बाईची वाट बघत राहिली.

"आता बसले. लिहा."

"पण काकू," गृहस्थ म्हणाले, "माझ्या डोळ्यांसमोर, मुद्दाम... हा अपघात कसा..." त्यांनी फॉर्म उलटापालटा केला. कोण बसलं, कधी बसलं, कशावर बसलं, असे रकाने होते. दुरुस्तीवाली त्यांच्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "मुद्दाम की कसं, असा रकानाच नाहीये, सर."

बाईंनी अजून एक बटण दाबलं.

"पुढचा!"

असा कडाडला तो आवाज की मागे टोकन घेऊन बसलेला माणूस खरोखरच उठून काउंटरपाशी आला.

वेलांटीरावांनी फॉर्म पुन्हा हातात घेतला. सावकाश, ओळ न् ओळ वाचली. "ग्राहक लॅपटॉपवर बसला" या शब्दांपाशी त्यांचं पेन थांबलं. त्यांनी "बसला"तला काना खोडला, त्या जागी दीर्घ वेलांटी काढली, आणि कागद बायकोपुढे धरला. ग्राहक तीच होती. तिने थरथरत्या बोटांनी सही केली. वेलांटीराव वाकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "चुकलं माझं." छापखान्यातल्या कुणी ते ऐकलं असतं तर काम थांबवून पेढ्याच्या दुकानात गेलं असतं.

नवी बॅटरी यायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी दोघं केंद्रात गेली, दुरुस्तीवालीने ती बसवून दिली. हो, बसवून दिली, आणि यावेळी कुणी त्यावर काही बोललं नाही. बाहेर पडून बाई बसथांब्याच्या बाकावर टेकली. बाईंनी लॅपटॉप मांडीवर उघडला. आसपास भिंत नव्हती, प्लग नव्हता, वायर पिशवीत गुंडाळून ठेवलेली होती. पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, सहा तास दहा मिनिटं.

वेलांटीरावांच्या हातात बॅटरीची काळजी कशी घ्यावी याचं पत्रक होतं. ते त्यांनी उभ्याउभ्याच तपासून टाकलं होतं, आणि आता त्यातलं वाचून दाखवत होते. "ऐक. वीस टक्क्यांच्या खाली उतरू द्यायची नाही, ऐंशीच्या वर चढू द्यायची नाही. गरज नसेल तेव्हा बंद ठेवायचा. उगाच चालू ठेवायचा नाही. आता मी वेळापत्रकच करतो, सकाळी अर्धा तास, संध्याकाळी एक तास. नीट वागवली तर तीन वर्षं जाईल म्हणतात."

बाईंनी टाइप करायला घेतलं. बोटं महिन्याभरापूर्वीपेक्षा सावकाश चालत होती. हे दोघांनाही दिसत होतं, त्यावर दोघंही बोलत नव्हती. रस्त्यावरून माणसं जात होती, एक बस आली आणि कुणी चढलं नाही म्हणून निघून गेली.

"तीन वर्षं मला नको आहेत," सरकारी बाई म्हणाली. "एवढी माझ्याकडे नाहीत. मला सगळी आत्ता पाहिजे."

वेलांटीरावांनी पत्रक घडी करून खिशात घातलं आणि तिच्या शेजारी बाकावर बसले. रडू आलं होतं आणि ते लपवायला इथे गॅलरी नव्हती. बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि जुनं वाक्य दाबलं.

"झालं का तुमचं शहाणपण?"

मग ती बोलत सुटली. काउंटरवरच्या गृहस्थांच्या चष्म्याबद्दल, समोरच्या दुकानाच्या पाटीवरच्या चुकांबद्दल, लेकीच्या नव्या केशरचनेबद्दल, वेलांटीराव घोरतात त्याबद्दल. कामाचं एक वाक्य नाही. मध्येच अडली की अक्षर शोधायची, सापडलं की पुढे जायची. ते मान डोलवत ऐकत राहिले, कुठे दुरुस्ती करावीशी वाटली तिथे गप्प बसले. आणखी दोन बस येऊन गेल्या.